सुई बदलून पाहा

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट लहान आहे आणि हळू आवाजातली आहे. लांबून ऐकाल तर निम्मी सुटेल. सांगतो ती एका ऐकणाऱ्या बाईची.

रेकॉर्डी तयार होतात त्या कारखान्यात ती कामाला होती. सगळे तिला कानबाई म्हणत. यंत्रातून निघालेल्या ताज्या तबकड्यांतली एखादी उचलायची, कानांवर हेडफोन चढवायचे आणि गाण्याच्या मागचं ऐकायचं. गरम प्लास्टिक साच्यात नीट भरलं नाही, की सुई तिथून जाताना खरखर करते. ती ऐकू आली की सगळा माल परत वितळवायला. गाण्यात जीव गुंतला तर खरखर निसटते, म्हणून कानबाईनं गाणं न ऐकण्याची सवयच लावून घेतली होती. नवरा म्हणे, "दिवसभर गाणी ऐकून येते, पण एक ओळ गुणगुणेल तर शपथ."

आणि एके दिवशी बुवांची रेकॉर्ड आली.

बुवा म्हणजे गात गात देवाच्या गोष्टी सांगणारे. आईच्या मांडीवर बसून त्यांना ऐकत कानबाई मोठी झालेली. हे त्यांचं शेवटचं गाणं. एवढं करून बुवा गेले. तिनं सुई टेकवली. बुवांचा सूर लागला आणि ती कारखान्यात उरलीच नाही. मधेच गाणं थांबवून बुवा म्हणाले, "देवाला हाक मारून झाली ना? आता जरा गप्प बसा. त्यालाही काही बोलायचं असेल." आणि ते खरंच गप्प झाले. त्या गप्प जागेत कानबाई डोळे मिटून देवाची वाट बघत बसली.

बाजू संपली. तिनं गाल पुसले आणि 'पास'चा शिक्का मारला. त्या शिक्क्यात कपट नव्हतं, हे देवही मान्य करेल.

थोड्याच दिवसांत बुवांची मुलगी रेकॉर्ड घेऊन ऑफिसात आली. मालकांनी कानबाईला बोलावलं.

"आई अंथरुणाला खिळलीये," मुलगी सांगत होती. "बाबांना ऐकायचंय, एवढाच तिचा ध्यास. पण ते गप्प होतात ना, नेमकी तिथंच खरखर. आई विचारते, यांना शेकोटीपाशी बसवलं होतं का गं?"

मालक हसले. "अहो, तुमची सुई झिजली असेल. ही आमच्या कानबाईंनी ऐकलीये. यांच्या कानातून डास निसटत नाही. काय बाई?"

बुवांचा श्वाससुद्धा कानबाईला आठवत होता. खरखर होती की नव्हती, ते मात्र आठवत नव्हतं. परत ऐकते, एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत झालेलं कौतुक आडवं आलं.

"सुई बदलून पाहा," ती म्हणाली.

"बरं. तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल," मुलगी म्हणाली.

रात्री जेवायला बसली तरी कानबाईच्या कानात तेच शब्द होते.

"आमटीत मीठ नाही," नवरा म्हणाला, "आणि तू मिटक्या मारत खातेयस. कुठं आहेस?"

"इथंच आहे."

देवापुढे बसावं, हाक मारून गप्प व्हावं, तर त्या मुलीचं 'बरं' तेवढं ऐकू येई. शेवटी तिनं गोदामातली एक तबकडी काढून पुन्हा लावली, या वेळी कामाच्या कानानं. खरखर कसली, अख्खी शेकोटी पेटली होती. ती तडक मालकांकडे गेली.

"साहेब, सुईचा दोष नाही, माझा आहे. मी बुवांना ऐकत बसले."

"बाई, तुम्हाला इथं कशाला ठेवलंय?"

"न ऐकायला, साहेब."

मालक तापले, पण माणूस वाईट नव्हता. सगळा माल नव्यानं काढला. कानबाईनं तो कोरड्या मनानं तपासला आणि पहिली रेकॉर्ड घेऊन स्वतः त्या घरी गेली.

दार मुलीनं उघडलं. आतल्या खोलीत गादी गुंडाळून ठेवलेली, पलंग उघडा.

"सुई दोनदा बदलली," मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मग आईच म्हणाली, राहू दे गं, तुझी धावपळ नको. तेवढाच त्यांना शेक लागत असेल."

"सुई चांगलीच होती तुमची," कानबाई म्हणाली. "चूक माझी. मी नीट ऐकलं नव्हतं, हे मला त्या दिवशीच ठाऊक होतं."

मुलीनं नवी रेकॉर्ड लावली. दोघी जमिनीवर बसल्या. बुवा त्या वाक्यापाशी आले आणि थांबले. कुठं काही तडकलं नाही. मुलीनं मान वळवून पलंगाकडे पाहिलं, आणि बाजू संपली तरी ती तशीच बसून राहिली.

एवढंच. उठण्याआधी एक मागतो. कानबाईसाठी नाही, तिचं ती आणि देव बघून घेतील. पण प्रार्थनेत कधी जागा उरली, तर त्या म्हातारीला आठवा. नवऱ्याला शेक लागत असेल, एवढ्यावर समाधान मानून गेली ती.