परडीएवढी जागा

बिंदुमाधवांनी सुतळीचे एक टोक विजेच्या खांबाला बांधले, दुसरे ओढून ताठ केले आणि सुतळीच्या कडेने डांबरावर खडूची रेघ मारली. मध्ये एका खड्ड्याशी ती किंचित चळली होती. तेवढा भाग त्यांनी रुमालाने पुसला आणि पुन्हा काढला.

"नाना, बस करा आता. इतनी सीधी तो रामनगर में एक दीवार नहीं है," केयूर हसत म्हणाला.

"गाडीनं हिच्या अलीकडे थांबायचं. रेघेवर चाक आलं तरी नापास."

"अलीकडेच थांबेल. बघाच तुम्ही."

रामनगरचा बाजार संपून शेते सुरू होतात तिथला हा रस्ता सकाळपुरता बंद करून घेतला होता. दूर कडुनिंबाखाली बॅटरीवर चालणारी पांढरी गाडी उभी होती. तिच्या कपाळावर कॅमेरे होते आणि चालकाची जागा रिकामी होती. चालक काशीनाथ रस्त्याच्या कडेला चहाचा कुल्हड हातात घेऊन उभा होता.

"अब त हमहूँ सवारी हो गइलीं, गुरुजी," तो बिंदुमाधवांना म्हणाला. चालकाचा प्रवासी झालेल्या त्याच्या हसण्यात थोडी काळजी होती.

पुण्याहून आलेल्या मालविका या गाड्या बांधणाऱ्या कंपनीच्या अधिकारी होत्या. काल संध्याकाळी बिंदुमाधवांच्या घरी येऊन त्यांनी स्पष्ट सांगितले होते, "आकडे सगळेच दाखवतात, सर. गाडी आम्ही तुमच्या सहीवर सोडू." आज दाखल्यावर सही झाली की पुढच्या आठवड्यापासून अशा गाड्या चालकाविना यात्रेकरूंना घेऊन नदीवरचा पूल ओलांडणार होत्या आणि घाटांकडच्या गर्दीत शिरणार होत्या.

भाजीच्या हातगाडीमागे बिंदुमाधवांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई काठी टेकून उभ्या होत्या. गाडी जवळ आली की त्यांनी हातगाडीआडून निघून रस्ता ओलांडायचा होता. नेहमीचे हिरवे नऊवारी त्या नेसल्या होत्या.

"अहो, आज परडी नाही आणली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रिकाम्या हातानं चालायला कसंतरीच वाटतंय."

"वहिनी, हिरॉईन झालात तुम्ही," केयूरची आई वीणा कडेच्या बाकावरून म्हणाली. मुलाचा मोठा दिवस म्हणून ती मुद्दाम आली होती. "पदर नीट घ्या, फोटो पुण्याला जाणार आहे."

"पुण्याला गेला तर जाऊ दे. माझं तिकडे कोण आहे?"

बिंदुमाधव मालविकांबरोबर गाडीच्या मागच्या आसनावर जाऊन बसले. समोर पडदा होता. कॅमेऱ्यांना जे दिसते ते त्यावर उमटत होते, आणि गाडीने जे ओळखले त्याभोवती पिवळी चौकट येत होती.

या चौकटींनी त्यांची निवृत्तीनंतरची वर्षे भरून टाकली होती. यंत्राला रस्ता पाहायला शिकवायचे म्हणजे त्याला रस्त्याची असंख्य चित्रे दाखवायची, आणि प्रत्येक चित्रात गाय, हातगाडी, सायकलरिक्षा, म्हातारे माणूस यांच्याभोवती चौकट आखून नाव लिहून द्यायचे. केयूर त्यांचा तंत्रनिकेतनातला विद्यार्थी, शिवाय मंगलागौरीच्या गल्लीतला शेजारी. त्याने अशा गाड्यांसाठी स्वतःची छोटी प्रयोगशाळा काढली तेव्हा पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "नाना, चौकटी तुम्हीच बघायच्या. तुमच्यासारखी रेघ कोणाची येत नाही."

त्यांनी ते काम घेतले, पण एका अटीवर. परीक्षेची चित्रे त्यांची एकट्याची असतील आणि शिकवण्यात ती कधीही वापरली जाणार नाहीत. आयुष्यभर त्यांनी परीक्षक म्हणून प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. ज्या उदाहरणावर शिकवले तेच परीक्षेत घातले तर मुलाला काय येते ते कळत नाही, फक्त त्याला काय पाठ आहे ते कळते. म्हणून परीक्षेची चित्रे त्यांनी स्वतः कॅमेऱ्याने काढली. धुक्यात, सावलीत, बैलाच्या आडून, रिक्षांच्या गर्दीत. चालायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून प्रत्येक वेळी अन्नपूर्णाबाईच चालल्या. सकाळी त्या फुले घेऊन देवीला निघत, तीच वेळ धरायची. त्यांच्या डाव्या हाताला परडी असे, आणि हातातली वस्तू माणसाबरोबरच मोजायची या आपल्याच नियमाप्रमाणे बिंदुमाधव चौकट परडीपर्यंत ताणून काढीत.

ही सारी चित्रे एका डिस्कवर होती. पूर्वी ते प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना लाख लावून मोहोर उठवीत. डिस्कला त्यांनी लाख लावली नाही. ती देवघराच्या खालच्या खणात, पंचांगांखाली ठेवली. तिथे दोघांखेरीज कोणाचा हात जात नसे.

उन्हाळ्यात गाडीला सावलीत उभे असलेले म्हातारे माणूस धड दिसत नव्हते. पावसाळा संपता संपता ते दिसू लागले. केयूर म्हणाला, कॅमेरे बदलले. गेल्या आठवड्यात बिंदुमाधवांनी डिस्क स्वतः नेऊन लावली. निकाल इतका चांगला आला की घरी शिरा झाला आणि वीणाकडे वाटीभर गेला.

गाडी निघाली. आवाज जवळजवळ नव्हताच. रिकाम्या आसनापुढचे चाक आपोआप थोडे इकडे, थोडे तिकडे वळत होते. मालविकांनी पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली.

पडद्यावर हातगाडी दिसू लागली. हातगाडीभोवती चौकट आली. फ्लॉवरच्या ढिगामागून काठीचे टोक बाहेर आले आणि हिरव्या काठाची बोटभर पट्टी. तेवढ्यात, अन्नपूर्णाबाईंचे पाऊलही रस्त्यावर पडले नसताना, दुसरी चौकट उमटली. उंच, पूर्ण, ठाम. खाली अक्षरे आली : वृद्ध पादचारी.

गाडी सावकाश थांबली. रेघ बरीच पुढे राहिली होती. अन्नपूर्णाबाई आपल्या चालीने रस्ता ओलांडून गेल्या आणि पलीकडे जाऊन त्यांनी वीणाकडे पाहून हात हलवला. काशीनाथने टाळी वाजवली.

"अप्रतिम," मालविका म्हणाल्या. "त्या दिसल्या नव्हत्या तेव्हाच ओळखलं."

बिंदुमाधव पडद्याकडे पाहत राहिले. थांबलेल्या चित्रात अन्नपूर्णाबाई रस्त्याच्या मधोमध होत्या. एका बाजूला चौकट काठीला चिकटून होती. दुसऱ्या बाजूला मात्र त्यांच्या मोकळ्या डाव्या हातापलीकडे जागा सुटली होती. परडीएवढी.

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. जागा तेवढीच होती.

इतक्या वर्षांच्या वर्गांत त्यांनी अशी मुले पाहिली होती. प्रश्न पुरता वाचून होण्याआधीच त्यांची पेन्सिल चालू लागे, आणि प्रश्नात आकडा बदलला असला तरी उत्तरात जुनाच आकडा येई.

मग त्यांना श्रावण आठवला. इंदूरला थोरले बंधू गेले होते. सुतकात देवांना हात लावायचा नव्हता, आणि देव पारोसे ठेवणे अन्नपूर्णाबाईंच्या जिवावर आले होते. तेव्हा केयूर आपणहून म्हणाला होता, "काकू, आमचं गोत्र वेगळं आहे. मी येईन रोज." सुतक फिटेपर्यंत तो रोज सकाळी अंघोळ करून, सोवळे नेसून येत होता. तो पूजा करी तेवढा वेळ दोघे नवरा-बायको बाहेरच्या खोलीत बसून राहत. आतून घंटा ऐकू आली की तिथूनच हात जोडत. पोटच्या मुलाने केले नसते, असे अन्नपूर्णाबाई गल्लीत सगळ्यांना सांगत असत.

बिंदुमाधव खाली उतरले. केयूर दाखला आणि पेन घेऊन पुढे आला.

"सांगितलं होतं ना, नाना? इथे, तारखेच्या खाली."

"आणखी एक फेरी घेऊ," बिंदुमाधव म्हणाले.

"बिलकुल. काकू, एकदा आणखी—"

"तिला बसू दे. ती दमली आहे." ते बाकाकडे वळले. "वीणा, तू चालशील?"

"मी?" वीणा लगेच उठली. राखी रंगाच्या सलवार-कमीजवर तिने शाल घेतली होती. "चालेन की. काठी घेऊ का वहिनींची?"

"नको. तू जशी चालतेस तशीच चाल. हातगाडीमागून निघायचं आणि सरळ पलीकडे जायचं. मध्ये थांबायचं नाही."

"आई, तू नको," केयूर म्हणाला.

"का रे?"

"तुझे गुडघे... छोड़ो ना. दुसरं कोणीतरी बघू."

"गुडघ्यांना काय झालंय? आजही रोज घाटाच्या पायऱ्या उतरते मी." ती हातगाडीकडे चालू लागली होती.

"आई!"

आवाज इतका चढला की काशीनाथचा कुल्हड तोंडाशीच थांबला. केयूरने चार ढांगांत आईला गाठून तिचा दंड धरला होता. दाखला त्याच्या दुसऱ्या हातात चुरगळला होता.

बिंदुमाधवांनी आवाज चढवला नाही. "गाडी थांबणार आहे ना, केयूर?"

केयूरने दंड सोडला नाही. वीणाने आधी दंडावरच्या त्याच्या बोटांकडे पाहिले, मग त्याच्या तोंडाकडे.

"मघाशी वहिनी गेल्या तेव्हा नाही ओरडलास," ती म्हणाली.

"काकूंची गोष्ट वेगळी आहे, आई. काकूंना गाडी ओळखते."

"ओळखते म्हणजे?" मालविकांनी विचारले.

पलीकडच्या बाजूला अन्नपूर्णाबाई कठड्यावर बसून गुडघा चोळत होत्या. एवढे अंतर त्यांच्या कानांना झेपणारे नव्हते. सगळे आपल्याकडे पाहताहेत असे दिसल्यावर त्या हसल्या.

"मालविकाबाई," बिंदुमाधव म्हणाले, "चाचणी अजून झालेली नाही. परीक्षेची चित्रं गाडीला आधीच शिकवलेली आहेत. नवी चित्रं मी काढेन, नव्या माणसांची. तोवर या रस्त्यावर रिकाम्या आसनाची गाडी नको."

मालविकांनी केयूरकडे पाहिले. मग त्याच्या हातातला चुरगळलेला कागद घेतला, सरळ केला आणि सहीची कोरी जागा पाहून आपल्या पिशवीत ठेवला. वीणाने दंड सोडवून घेतला आणि ती बाकावर जाऊन बसली, मुलाकडे पाठ करून.

बिंदुमाधव खांबापाशी जाऊन सुतळीची गाठ सोडू लागले. गाठ घट्ट बसली होती. केयूर त्यांच्या मागे येऊन उभा राहिला.

"नाना, मी बाकीचं सगळं इमानदारीनं केलंय. कसम से. पुण्याची तारीख आली होती आणि सावलीतली माणसं काही केल्या दिसत नव्हती. डिस्कवर नेमकी तीच होती. एकदा वाटलं, फक्त बघावं. मग..."

गाठ सुटली. बिंदुमाधव सुतळी हाताभोवती गुंडाळू लागले, कोपरापासून अंगठ्यापर्यंत, एकावर एक वेढा न येऊ देता.

"नाना, काहीतरी बोला ना."

"सुतकातले दिवस," ते म्हणाले. "देवांना स्नान घालत होतास की नाही, तेवढं सांग. हिनं विचारलं तर मला खरं सांगता यायला हवं."

केयूरची मान खाली गेली होती.

"घालत होतो, नाना. रोज. गंध, फुलं, नैवेद्य, सगळं."

बिंदुमाधवांनी मान हलवली. सुतळीचे वेढे खिशात ठेवले आणि खडूचा उरलेला तुकडाही. मग ते बायकोला आणायला निघाले. गाडी अजून रस्त्याच्या मधोमध उभी होती, आणि तिच्या पुढून वाट जवळची होती. ते मागून गेले, आणि अन्नपूर्णाबाईंना हाताला धरून परत आणले तेही गाडीच्या मागूनच.

"अहो, इतका वळसा कशाला?" त्या म्हणाल्या. "मला पाहिलं की थांबते ती."