तीन लिटर पेट्रोल आणि सोलापूरची वाट

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी मोटार आहे. मैंदर्गीत मल्लिनाथच्या दारात उभी असते. माझी पहिली नऊ वर्षं सोलापुरात धनलक्ष्मीबाई नावाच्या शिक्षिकेकडे गेली. त्या मला फार जपत. निवृत्त होऊन त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि मी मैंदर्गीला आले.

मल्लिनाथला वेगाचं वेड. मोकळा रस्ता दिसला की काटा शंभराच्या पुढं. लोक म्हणत, "मल्लूची गाडी म्हंजे वारं हाय वारं!" ऐकून मीही फुशारून जाई. पण मित्रांनो, वारा काही माझा सोबती नव्हता. तो समोरून मला अडवत असे. वेग दुप्पट केला की त्याचा जोर चौपट होतो. त्याच्याशी झुंजताना मी घटाघटा पेट्रोल पिई आणि वर बोलणी मलाच, "लई खादाड हाय ही!"

मल्लिनाथची बायको शिवलीला मला पंचावन्नवर, वरच्या गिअरात चालवी. तेवढ्याच पेट्रोलात तिच्या हाती मी कितीतरी लांब जाई. तिनं ते हेरलं होतं. नवऱ्याला सांगितलं की तो नुसता हसे.

मल्लिनाथच्या आईची, सावित्रम्मांची, मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून दोनदा मी त्यांना सोलापूरला डायलिसिसला नेई. एका उन्हाळ्यात पेट्रोलच्या टँकरवाल्यांचा संप झाला. पंप कोरडे पडले. मल्लिनाथ पेट्रोल शोधत मला गावोगाव भरधाव घेऊन फिरला आणि टाकीत होतं नव्हतं तेही संपलं. डायलिसिसची एक पाळी चुकली. तिसऱ्या दिवशी सकाळी सावित्रम्मांचे पाय सुजले, श्वास लागला. डिझेलअभावी एसटीही बंद होती. रुग्णवाहिका दुसरा रुग्ण घेऊन गेली होती.

मग शेजारच्या गोजरबाईंनी गल्ली उठवली. ज्यांच्या दुचाकीत थोडंफार उरलं होतं, त्यांनी ते नळीनं बाटल्यांत काढून दिलं. सगळं मिळून तीन लिटर भरलं. सोलापूर पन्नास किलोमीटरच्या वर.

मल्लिनाथ स्टिअरिंगवर बसला. "पेट्रोल संपायच्या आत पळवतो."

शिवलीलानं दार उघडलं. "सरका. पळवलं तर वळसंगलाच थांबंल. मी चालवते."

"अव्वाचा जीव चाललाय आन् तू हळू जानार?"

"व्हय. पोचायचं हाय म्हणून."

मागून सावित्रम्मा कशाबशा म्हणाल्या, "तिला दे रे मल्लू."

तो सरकला.

शिवलीलानं एसी लावला नाही. उगाच ब्रेक मारला नाही की कुणाला ओलांडलं नाही. काटा पंचावन्नवर टेकला तो तिथंच राहिला. मागून आलेले एक-दोन ट्रक हॉर्न वाजवत पुढं गेले. अक्कलकोट मागं पडलं. मल्लिनाथ सारखं घड्याळ बघत होता. "दाब की जरा!" तिनं पाय तसूभरही हलवला नाही. सावित्रम्मांनी डोळे मिटले होते. त्यांच्या श्वासाची घरघर मला माझ्या इंजिनापेक्षा मोठी वाटत होती. वळसंग आलं. वळसंग गेलं. मी अजून चालत होते.

दवाखान्याची पाटी दिसली आणि मला उचकी लागली. दुसऱ्या उचकीला इंजिन बंद पडलं. मल्लिनाथनं खाली उडी टाकली आणि तो मला मागून रेटायला लागला. कडेचे दोन रिक्षावाले धावले. "अम्माको बैठेच रहने दो भाई, हम ढकलते!" असं म्हणत त्यांनी मला थेट फाटकाच्या आत नेलं.

दुपारी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मल्लिनाथ बाहेर आला. माझ्या बॉनेटला टेकून मुलासारखा रडला. शिवलीला शेजारी उभी राहिली. तो म्हणाला, "म्या पळवलं आसतं तर गं?"

आता मी थकले आहे. रंग उडाला आहे, दारं करकरतात. तरी सावित्रम्मांना घेऊन मी अजून सोलापूरला जाते.

मित्रांनो, तुमच्याही दारात माझ्यासारखी एखादी असेल. तिच्या चाकांत हवा पुरेशी ठेवा, टपावरचं नको ते ओझं उतरवा. आणि चालवणाऱ्यानं पाय फार दाबला, तर मागच्या सीटवरून हळूच सांगा, थोडं सावकाश. आमचा काटा फक्त वेग दाखवतो. आत कोण बसलंय, ते तुम्हालाच ठाऊक असतं.