मैनेची थोरली बहीण

साहेबराव गाडी घेत नाहीत, गाडीचं नाव घेतात, असं त्यांची बायको आशाबाई म्हणायची आणि त्यात खोटं काही नव्हतं. देवगाव रंगारीत बियाण्यांचं लहानसं दुकान टाकून सुरुवात केलेला हा माणूस आता संभाजीनगरात श्रेयनगरला बंगला बांधून राहत होता. काही वर्षांपूर्वी शहरातल्या धंदेवाल्यांनी एकी करून एका झटक्यात शंभरावर जर्मन गाड्या आणल्या, तेव्हा त्यांतली एक साहेबरावांच्या दारात आली. तेव्हापासून हॉटेलचा वॉचमन सलाम ठोकायला लागला, बँकेचा साहेब पायऱ्या उतरून खाली यायला लागला. ती गाडी चालते कशी, हे मात्र साहेबरावांना सांगता आलं नसतं. दुकानाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतः टेम्पो चालवला होता, पण आता ते मागं बसून पेपर वाचायचे आणि गाडी चालवायचा बन्सी ड्रायव्हर.

आशाबाईंची गाडी निराळी. सुवीर कंपनीची मैना. मराठवाड्यात ही छोटी गाडी कुठं नाही असं गाव सापडायचं नाही. मास्तरांकडं मैना, कंपाउंडरकडं मैना, लग्नाच्या वरातीमागं पाच-सहा मैना. आशाबाई चाळिशीत गाडी शिकल्या आणि तेव्हापासून दर आठवड्याला एकट्या देवगावला जाऊन बियाण्यांचे प्लॉट बघून यायच्या. गाडीच्या टपावर कधी भाजीची जुडी, कधी खुरपी विसरून राहायची.

साहेबरावांची एकसष्टी आली तेव्हा मुलगा विश्वजीत म्हणाला, "अप्पा, इतकी वर्षं मागं बसलात. आता एक स्पोर्ट्स कार घ्या आन् स्वतः चालवा. जर्मनच घेऊ, दोन दाराची."

साहेबरावांना कल्पना पसंत पडली. पण ताटावर बसलेल्या आशाबाई म्हणाल्या, "मी बघितलीय एक. मैनेच्या सर्व्हिसिंगला गेल्ते ना जालना रोडला, तिथं उभी हाय. सुवीरची. गरुड नाव तिचं."

"सुवीरची स्पोर्ट्स कार?" विश्वजीतला ठसका लागला. "आई, ती जर्मनच्या किमतीला हाय! तेवढ्या पैशात मैनावाल्या कंपनीची गाडी कोण घेतं?"

"मी बसून बघितलं तिच्यात," आशाबाई शांतपणे म्हणाल्या. "लई भारी वाटलं."

साहेबरावांनाही ते पटलं नव्हतं. पण बायकोनं आजवर स्वतःहून काही मागितल्याचं त्यांना आठवेना. नाही म्हणायचं तर निदान बघून नाही म्हणावं, म्हणून दुसऱ्या दिवशी तिघं शोरूमला गेले.

मैनांच्या रांगेत मधोमध गरुड उभी होती. काळपट लाल, जमिनीला चिकटलेली, एखादं जनावर झेप घ्यायच्या आधी दबून बसतं तशी. विक्रीचं काम बघणारी निलोफर पुढं आली. तिशीतली, चटपटीत, बोलणं मोकळं. ही गाडी शोरूमला येऊन बरेच दिवस झाले होते. फोटो काढायला अर्धं शहर येऊन गेलं होतं, घ्यायला कुणी आलं नव्हतं.

"बसा ना, सर. आधी कंबर आत, मग पाय," ती म्हणाली.

साहेबराव बसले म्हणजे जवळजवळ पडलेच. सावरून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. चामडं उंची होतं, शिवण देखणी होती. तेवढ्यात विश्वजीतनं खिडकीतून बोट दाखवलं. "हे बघा अप्पा! एसीची बटणं मैनेचीच हायत. जशीच्या तशी!"

"हो, मैनेचीच आहेत," निलोफर म्हणाली. तिनं सारवासारव केली नाही. "कंपनीनं सगळा जीव इंजिन, स्टिअरिंग आणि ब्रेकमध्ये ओतलाय. बटणांवर खर्च केला नाही."

आशाबाई मात्र खूश. "बरंच हाय की. मला चष्मा न लावता एसी लावता येतो."

साहेबरावांनी मग मनातला प्रश्न विचारलाच. "पोरी, खरं सांग. मी ही गाडी घेऊन हॉटेलच्या दारात उतरलो, तर जर्मन गाडीइतका मान मिळंल का?"

महिन्याच्या विक्रीचा आकडा निलोफरच्या डोक्यावर होताच, तरी ती म्हणाली, "नाही मिळणार, सर. ते नाव कमवायला त्यांच्या पिढ्या गेल्यात. आमच्या नावाची ओळख मैना आहे. मी तुम्हाला मान विकू शकत नाही, गाडी विकू शकते. रविवारी सकाळी दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर चालवून बघा. नाही आवडली तर मी स्वतः तुम्हाला त्यांच्या शोरूमला सोडीन."

ही पोरगी साहेबरावांना आवडून गेली. धंद्यात इतकं सरळ उत्तर त्यांनी स्वतःही कधी दिलं नव्हतं.

रविवारी विश्वजीत आपल्या मित्राची दोन दाराची जर्मन गाडी घेऊन आला. निलोफर गरुड घेऊन नगरनाक्यावर थांबली होती. थंडीचे दिवस, छावणीच्या झाडांत धुकं अडकलेलं. ठरलं असं, की दौलताबादपर्यंत साहेबरावांनी जर्मन चालवायची, पुढं घाटात गरुड.

जर्मन गाडी खरोखरच गाडी होती. दार लावलं की बँकेची तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. आत शांतता इतकी की साहेबरावांना स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मिटमिट्याच्या सिग्नलला शेजारचा रिक्षावाला आदरानं जरा बाजूला सरकला. साहेबरावांनी मनातल्या मनात सही करून टाकली.

किल्ल्याच्या जुन्या दरवाजातून गाड्या एकेक करून बाहेर पडल्या आणि घाटाच्या पायथ्याशी त्यांनी अदलाबदल केली. निलोफर विश्वजीतच्या गाडीत बसली. आशाबाई नवऱ्याशेजारी गरुडात.

पहिल्याच वळणावर साहेबराव दचकले. हात जरा वळवला की गाडी वळलेली असायची. रस्त्याचा खडा न् खडा हातात कळत होता. इंजिनाचा आवाज पाठीतून छातीत शिरत होता. दुसऱ्या वळणावर त्यांनी भीत भीत पाय दाबला, तिसऱ्यावर न भिता. लहानपणी वडिलांची नजर चुकवून बिनखोगिराच्या घोडीवर बसले होते, तेव्हाही असंच झालं होतं. खुलताबाद येईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम आणि तोंडावर हसू होतं, आणि दोन्हींचा त्यांना पत्ता नव्हता.

"झालं का तुमचं?" आशाबाई म्हणाल्या. "आता सरका."

म्हैसमाळचा चढ आशाबाईंनी चालवला. पायांत स्पोर्ट्स शूज, पदर कंबरेला खोचलेला. गतिरोधक आला की तिरपी घालून अलगद काढायच्या, देवगावच्या रस्त्यानं ती सवय लावलेलीच होती. मोकळा रस्ता दिसला आणि त्यांनी गाडी अशी सोडली की साहेबरावांनी दाराचा दांडा घट्ट धरला.

"अगं आशा! हळू!"

"हळूच हाय. तुम्ही गप बसा."

बायको गाडी चालवते हे त्यांना ठाऊक होतं. ती अशी चालवते, हे ठाऊक नव्हतं. ते तिच्याकडं बघत राहिले. नजर लांब, ओठ जरा मिटलेले, हात सैल. इतक्या वर्षांत ती आपल्याला अशी दिसली कशी नाही, असं त्यांच्या मनात आलं. आपण मागं बसून पेपर वाचत होतो.

वर चहाच्या टपरीपाशी दोन्ही गाड्या शेजारी लागल्या. सुट्टीची गर्दी होती. लोकांनी जर्मन गाडी पाहिली, थोड्या अंतरावरूनच. दोघांनी फोटो काढले आणि पुढं गेले. गरुडापाशी मात्र एक तरुण थेट येऊन वाकला आणि पुढचं चिन्ह बघून ओरडला, "अम्मी, इधर आओ! ये तो अपनी सुवीर है!"

त्याचं नाव फरदीन. बिडकीनला कारखान्यात नोकरीला होता, आई जमिला आणि बायको अरफाला फिरवायला आणलं होतं. त्याची पांढरी मैना पलीकडंच उभी होती. "चाचा, आमच्याकडं पण हाय ना मैना! हे बघा. ही म्हंजी तिची थोरली बहीण झाली की!"

मैनेची थोरली बहीण. साहेबरावांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. एवढी किंमत मोजून लोकांनी हे म्हणायचं? विश्वजीतनं त्यांच्याकडं बघून भुवई उडवली, सांगितलं होतं ना, अशी.

पण फरदीन काही थांबला नव्हता. त्याच्या मागोमाग एक मास्तर आले, त्यांचीही मैना. एक शेतकरी जोडपं आलं, त्यांच्या जावयाची मैना. जो तो आपल्या गाडीचं कौतुक सांगायला लागला. कुणी मैनेतून बाळंतिणीला वेळेत दवाखान्यात नेलं होतं, कुणी तिच्यातूनच शेळी आणली होती. जमिलाबींनी पिशवीतला डबा काढून आशाबाईंपुढं धरला. "लेव बाई, शीरखुर्मा नही, सादा हलवा है. इतनी दूर से गाडी चलाके आये तुम."

आशाबाईंनी हलवा खाल्ला आणि गाडीचं दार उघडून म्हणाल्या, "बसा तुम्ही. एक चक्कर मारू."

जमिलाबी नाही-नाही म्हणत बसल्या. गाडी वळणाआड गेली आणि त्यांचं ओरडणं आणि हसणं दूरवर ऐकू येत राहिलं. फरदीन हसून हसून वाकला. "अम्मी को कभी ऐसे हँसते नही देखा, चाचा."

साहेबराव टपरीच्या बाकड्यावर त्याच्याशेजारी बसले. बियाण्यांचा धंदा सांगितला, त्याच्या कारखान्यातल्या पाळ्या विचारल्या. जर्मन गाडी आल्यापासून रस्त्यावर अनोळखी माणसाशी आपण असं बोललोच नाही, हे चहा संपता संपता त्यांच्या ध्यानात आलं. त्या गाडीनं लोक आदरानं लांब सरकायचे. ह्या गाडीनं ते जवळ येत होते, आणि खांद्यावर हात ठेवायचंच काय ते बाकी होतं.

निलोफर कपातला शेवटचा घोट घेत म्हणाली, "काय ठरवलं, सर?"

"मला काय विचारती?" साहेबराव म्हणाले. "मालकीण तिकडं चक्कर मारायला गेली. ती आली की विचार. गाडी तिच्या नावावर घ्यायची."

विश्वजीत म्हणाला, "अप्पा, विकायला काढली तर निम्मी किंमत येणार नाय."

"विकायची कुणाला हाय?"

गाडी घरी आल्यावर पहिलं लग्न निघालं पिशोरला, व्याही सोमनाथरावांच्या पुतण्याचं. मांडवाच्या दारात पोरांनी व्याह्यांची जर्मन गाडी तोऱ्यात उभी करून घेतली आणि गरुड पाण्याच्या टँकरमागं लावायला सांगितली. सोमनाथरावांनी टोला हाणला, "काय व्याही, बियाणं उगवलं नाय का औंदा? मैनेवाल्याची गाडी घेतली म्हणं!"

पूर्वीचे साहेबराव असते तर जेवण कडू झालं असतं. ते म्हणाले, "व्हय, घेतली. आन् व्याही, खोटं कशाला बोलू, तुमच्या गाडीचा दरवाजा हिच्यापेक्षा झकास लागतो. रुबाबही तुमचाच. पण घाटात चालवायची म्हणलं तर मला हीच पायजे." आणि ते जिलबी वाढून घ्यायला वळले. बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं सोमनाथरावांचा टोला वाया गेला. जेवणं झाल्यावर तेच टँकरमागं जाऊन गाडीभोवती दोनदा फिरून आले, आणि आशाबाईंनी बोलावल्यावर आत बसलेही.

परतताना गंमत झाली. एरवी कुठल्याही लग्नातून निघताना गाडीत मावशी, आत्या, त्यांची गाठोडी आणि "आम्हाला जरा कन्नडला सोडा" म्हणणारे दोघं असायचेच. आज सगळे गाडीपाशी आले, दोनच सीटा बघून हळहळले आणि निरोप देऊन गेले. लग्नाहून दोघंच घरी निघाल्याला जमाना झाला होता.

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, ऊन कलतं होतं. आशाबाई निवांत चालवत होत्या.

"पुढच्या रविवारी कुठं?" त्यांनी विचारलं.

"अजिंठ्याचा घाट," साहेबराव म्हणाले. "जाताना मी, येताना तू."

"जाताना मी."

"बरं, जाताना तू."

आशाबाईंनी गाडी पुढच्या गिअरमध्ये टाकली. साहेबराव अजून काही बोलणार होते, पण जिलबी, कलतं ऊन आणि पाठीमागून येणारी इंजिनाची घरघर, सगळं मिळून त्यांचे डोळे जड झाले. कन्नड यायच्या आतच ते झोपी गेले.