स्वल्प थांबा

मित्रांनो, मी एक कथासंग्रह आहे. तसा जुना नाही, पण माझी पानं पाहिलीत तर म्हणाल, यानं बरंच सोसलंय. माझी लेखिका प्रतिमा बसवनगुडीत राहते. तिचं मराठी घराणं कैक पिढ्यांपूर्वी बंगळुरात आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी, गल्लीत कन्नड. माझ्यातली माणसंही तशीच बोलतात, भांडतात, भाजी आणतात. मी तिचं पहिलंच पुस्तक, तेव्हा माझे लाड काय विचारता!

एक दिवस तिने मला तिच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मुग्धाच्या हाती दिलं. मुग्धा पुण्याहून नोकरीसाठी आलेली.

"तुमची मराठी शुद्ध," प्रतिमा म्हणाली. "चुकलेले शब्द खोडून द्या. दुसऱ्या आवृत्तीतून काढून टाकते, सरी? ठीक ना?"

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. कॅब ट्रॅफिकमध्ये अडकली की मुग्धा मला उघडायची आणि पेन्सिल चालवायची. कन्नड बोलण्यात सारखा येणारा 'स्वल्प', म्हणजे थोडं, त्यावर तर तिचा भारी राग. माझ्या एका गोष्टीत आप्पाजी मरणाला टेकलेल्या बायकोला म्हणतात, "स्वल्प थांब गं, मी येतो." तिथेही रेघ! मी आतल्या आत नुसता तडफडत होतो. हे शब्द गेले, तर दुसऱ्या आवृत्तीतली माझी भावंडं परक्याच्या तोंडाने बोलणार होती.

परवा कॅबमध्येच तिच्या आईचा फोन आला. आई शाळेत मराठी शिकवते.

"आई, स्वल्प थांब हं," मुग्धा म्हणाली आणि दचकलीच. "शी! माझ्याही तोंडात कन्नड शब्द बसला बघ."

"कन्नड? आणि स्वल्पविराम गं? वाचताना थोडंसं थांबायचं, म्हणून स्वल्पविराम. माझ्याच वर्गात झोपायचीस की काय?"

आई हसत होती. मुग्धा हसली नाही. फोन ठेवून तिने आप्पाजींची गोष्ट काढली आणि शेवटपर्यंत वाचली. तोवर ती मला तपासतच होती, वाचत नव्हती. तिचे डोळे भरून आले. मग तिने पर्समधून खोडरबर काढला.

"प्रतिमा, एकही शब्द काढू नका," दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं.

आप्पाजींच्या ओळीपाशी माझं पान घासून जरा फाटलंय. अजून दुखतं. पण शब्द जागेवर आहे. मित्रांनो, पुस्तकात अनोळखी शब्द भेटला, तर पेन्सिल उचलण्याआधी स्वल्प थांबा.