रेडीच्या क्लबातलं गाऱ्हाणं

मुंबईच्या कॉलेजांतली पोरं ज्याच्या गाण्यांसाठी वेडी व्हायची, तो बँड सत्याऐंशी साली आमच्या रेडीत, लोखंडाच्या खाणीच्या गावात, वाजवून गेला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. खाणीच्या मॅनेजरांचा पुतण्या त्यांच्यात ड्रम वाजवायचा, म्हणून गोव्याला जाताना ते वाटेत थांबले. नाहीतर आमच्या ऑफिसर्स क्लबात होतं काय? टेबल टेनिसचं एक टेबल, दोन कॅरम आणि चाळीस खुर्च्या.

त्या बँडचा गाणारा विश्राम माझा सख्खा भाऊ. मी खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट होते, पण तो माझा भाऊ हे तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी तो बाबांची होडी सोडून कुणकेश्वरहून मुंबईला पळाला, तेव्हापासून बाबांनी त्याचं नाव टाकलं होतं.

त्या संध्याकाळी मला त्याला एकच गोष्ट सांगायची होती. माई, आमची आई, आषाढात वारली. अठरा दिवस अंथरुणाला खिळून होती आणि एसटीचा आवाज आला की विश्राम आला असं वाटून विचारायची, "इलो काय गो?" मी रजा काढून उशाशी बसले होते. विश्रामचा पत्ता माझ्या पर्समध्ये होता. पण त्याला तार केलीस तर या घराची पायरी चढू नकोस, असं बाबांनी बजावलं आणि मी गप्प राहिले. बाबांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण पोस्ट देवळाच्या वाटेवरच होतं, आणि देवळात मी रोज जात होते.

चार वाजता क्लबात गेले तेव्हा तो जमिनीवर बसून वायरींना चिकटपट्टी लावत होता. केस खांद्यापर्यंत, जत्रेतल्या नाटकात बाईचं काम करणाऱ्यासारखे. मला बघून त्याने दोन्ही हात धरले. मी म्हटलं, "विश्राम, माका तुझ्याशी बोलूचा आसा." तो म्हणाला, गाणी होऊ देत, मग रात्रभर बोलू, उद्या तुझ्याबरोबर घरीच येतो. तिथेच अडवायला हवं होतं. बिचाऱ्याला गाऊ दे, असं मी मनाला सांगितलं. खरं तर मी भ्यायले होते.

पुढे अधिकारी आणि त्यांच्या बायका, खिडक्यांना लोंबकळलेले बंदरावरचे कामगार. गाणी इंग्रजी, त्यांनी स्वतः रचलेली. मला निम्मी कळली नाहीत. पण आवाज बाबांचा होता, या होडीवरून त्या होडीला साद घालतानाचा. असा आवाज घरातच होता आणि दोघे आठ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, याचं मला फार वाईट वाटलं.

शेवटी त्याने गिटार खाली ठेवली. उद्या आठ वर्षांनी घरी जातोय, म्हणाला, आणि हात जोडून डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, माझी माई थंय वाट बघता. तिका शंभर वर्सा निरोगी ठेव रे म्हाराजा."

आमच्याकडे देवाला असं साकडं घालतात त्याला गाऱ्हाणं म्हणतात; ते कुणीही घालो, ऐकणाऱ्यांनी होकार द्यायचाच. जो देत नाही त्याच्या मनात वाकडं आहे असं धरतात. खिडक्यांतून एकदम आवाज उठला, "होय म्हाराजा." त्यात माझाही होता. लहानपणापासूनची सवय; जिभेने मला विचारलंच नाही. त्याने डोळे उघडले ते थेट माझ्याकडे बघत, आणि हसला.

लोक पांगल्यावर तो घाम पुसत आला. कुणकेश्वरला जायला कुडाळची पहिली गाडी किती वाजता, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "विश्राम, माई आषाढात गेली. तार मी केलंय नाय."

मागे त्याचे मित्र वायरी गुंडाळत होते. तो ओरडेल, निदान बाबांना शिव्या घालेल, असं मला वाटलं होतं.

"आताच तू होय म्हटलंस," तो म्हणाला.

मग मित्रांकडे गेला आणि वायरी गुंडाळू लागला. सकाळी मी कुडाळच्या गाडीत दोन तिकिटं काढली. तो आला नाही.