दहाव्या ओळीवरचं बोट

मित्रांनो, माझ्याकडे बघून तुम्ही म्हणाल, हा कसला तक्ता! कोपरे दुमडलेले, वरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, मधल्या ओळी तर पुसतच आलेल्या. खरं आहे, मी म्हातारा झालोय. पण त्या ओळी कुणी पुसल्या ते तरी विचारा. माणसांच्या बोटांनी! लोकांनी माझ्यावर बोट ठेवायचं आणि मी जीव मुठीत धरून पडून राहायचं, यातच माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म सरकारी छापखान्यातला. अमेरिकेतल्या प्रौढ माणसांपैकी कोण किती शिकलंय, हे घरोघरी जाऊन विचारणारं एक ऑफिस आहे, त्यांनी मला छापून घेतलं. माझ्यावर सोळा ओळी आहेत. सगळ्यात वर ‘शाळेत गेले नाही’, मग एकेक इयत्ता. नवव्या ओळीवर ‘हायस्कूल पूर्ण’, म्हणजे बारावी पास, दहाव्या ओळीवर ‘कॉलेजला गेले, पदवी नाही’, तेराव्या ओळीवर ‘चार वर्षांची पदवी’, चौदाव्यावर त्याच्या पुढची पदवी, आणि अगदी तळाला डॉक्टरेट. गंमत बघा, माझ्यावर जो खाली उतरतो तो जगात वर चढलेला असतो.

मला छापलं त्या दिवशी एक साहेब कौतुकाने म्हणाले, "हा तक्ता असला म्हणजे कुणाला आपलं शिक्षण तोंडाने सांगायला नको. नुसता आकडा सांगायचा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला काही कळणार नाही." ते ऐकून मी किती फुशारलो होतो! लोकांची लाज राखणं हे आपलं काम, असं मी तेव्हापासून मनात धरून बसलो.

मग मी आलो उत्तरेकडच्या थंड डुलूथ गावात, त्या ऑफिससाठी घरोघरी प्रश्न विचारणाऱ्या मार्लिस हॉगन यांच्या पिशवीत. मार्लिस म्हणजे उंच, सावकाश बोलणारी बाई. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही, उत्तर सुचवायचं नाही, आणि एका घरातलं दुसऱ्या घरात मरेपर्यंत बोलायचं नाही, अशी शपथ घेतलेली. पिशवीत माझा शेजारी होता लॅपटॉप. मोठा तोंडाळ! जरा काही जुळलं नाही की लाल अक्षरं दाखवून टुणटुणायचा.

सुरुवातीच्या वर्षांत लोकांची बोटं नवव्या ओळीवर थांबायची. जहाजांत खनिज भरायच्या धक्क्यावर काम करणारे, रेल्वेतले, कागदाच्या गिरणीतले, सगळे नऊ. तिथलं माझं प्लास्टिक आधी झिजलं. पुढे पुढे बोटं खाली सरकायला लागली. तेरावी ओळ झिजली, चौदावी झिजली, आणि तिथे बायकांची बोटं पुरुषांपेक्षा जास्त यायला लागली. मोठमोठे लोक म्हणे या सगळ्याचे आलेख काढतात. मला आलेख कशाला हवा? माझी झीज बघितली तरी पुरे. पण एक सांगतो, दहावी ओळ तेव्हाही झिजत होती आणि आजही झिजते आहे. त्या ओळीवर येणारं बोट कधी ठाम पडत नाही. ते येतं, उचललं जातं, पुन्हा येतं. त्या बोटांची मला काळजी वाटायची.

आणखी एक काळजी मला कायम असायची. एका घरात जाऊन आम्ही सगळ्यांना विचारत नाही. घरातलं एक माणूस बाकीच्या सगळ्यांच्या वतीने सांगतं. बायको नवऱ्याचं सांगते, आई मुलाचं. आणि वर ते एक घर हजारो घरांच्या वतीने मोजलं जातं. म्हणजे एक बोट चुकलं तर किती माणसं चुकली, विचार करा!

आता पेल्टोंच्या घराची गोष्ट सांगतो. टेकडीच्या उतारावरचं हिरवं घर. त्या घरातल्या डोरीनबाई शाळेत मुलांचं जेवण बनवायच्या. त्यांचा नवरा वाइनो, आणि मुलगी कायसा, सत्तावीस वर्षांची, दवाखान्यात लोकांच्या वेळा नोंदवण्याच्या कामावर. पहिल्यांदा गेलो तेव्हा फेब्रुवारी होता. बूट दाराशी काढून मार्लिस आत बसल्या. डोरीनबाईंनी कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव पुढे ठेवला आणि मला हातात घेतलं.

"वाइनोचं नऊ. माझं नऊ. तो तळ्यावर मासे धरायला गेलाय. असता तर म्हणाला असता, माझी मासेमारीतली डॉक्टरेट लिहा!" त्या हसल्या. मग त्यांचं बोट थाटात खाली गेलं. "आणि कायसाचं तेरा. अगं बाई, नेमका अशुभ आकडा! पण लिहा, लिहा. माझ्या नणंदेच्या मुलाचं चौदा आहे आणि ते ती वर्षभर सांगत असते. आता आमचं तेरा पण सरकारदरबारी लागू दे."

ते बोट किती ठाम होतं म्हणून सांगू! मी निर्धास्त झालो. जिन्यावर कायसा उभी होती, हे मला दिसलं होतं. तिचा हात कठड्यावर घट्ट आवळलेला होता, हेही दिसलं होतं. पण तक्त्याला कोण विचारतो?

त्या ऑफिसची रीत अशी, की वर्षाने त्याच घरी पुन्हा जायचं. आम्ही गेलो. या वेळी डोरीनबाईंचे हात पिठात होते.

"कायसा घरी आहे, तीच सांगेल," त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या. "मी पाव मळतेय. थांबा हं, खाल्ल्याशिवाय जायचं नाही!"

कायसा समोर येऊन बसली. मार्लिस यांनी नेमाप्रमाणे सुरुवातीचं निवेदन वाचलं, की तुमचं उत्तर तुमच्यासारख्या अनेकांच्या वतीने धरलं जाईल, म्हणून ते शक्य तितकं बरोबर द्यावं. मग मला तिच्या मांडीवर ठेवलं. वडिलांचं नऊ, आईचं नऊ. स्वतःसाठी तिचं बोट सवयीने तेराव्या ओळीवर गेलं. तिथे थांबलं. ते इतकं गार होतं की मला प्लास्टिकमधून जाणवलं. आणि मग, मित्रांनो, ते वर सरकायला लागलं. बारा. अकरा. दहा.

"दहा," ती अगदी हळू म्हणाली.

मी मनात म्हणालो, लॅपटॉपा, आज तेवढा गप्प बस. पण तो कसला ऐकतोय! टुण्ण करून वाजला. माणसाचं शिक्षण वाढतं, कमी कसं होईल, हा त्याचा हिशेब. लाल अक्षरांत प्रश्न आला. तो वाचल्याशिवाय मार्लिस यांना पुढे जाता येईना. आवाज खाली घेऊन, केवळ आकडे वापरून, त्यांनी वाचलं, "मागच्या वर्षी तेरा अशी नोंद आहे. आज दहा. यातलं बरोबर कोणतं?"

"तेरा!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "तो अशुभ आकडा मी विसरेन होय? तेराच!" आणि मग जरा थांबून, "दहा कुणाचं?"

ज्या आकड्याने लाज झाकायची, त्यानेच ती उघडी केली. डोरीनबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी मला उचललं आणि ओळी मोजल्या. दहाव्या ओळीवर त्यांच्या बोटाचं पीठ लागलं.

"काय गं हे? चुकून बोट पडलं ना?"

"नाही, आई."

"मी तुला स्टेजवर बघितलंय. झगा, टोपी, हातात ते निळं फोल्डर!"

"फोल्डर रिकामं होतं."

"सगळ्यांचंच रिकामं असतं! खरा कागद मागाहून टपालाने येतो, तूच म्हणाली होतीस."

"एक विषय राहिला असला तरी स्टेजवर जाऊ देतात, आई. उन्हाळ्यात दिला की झालं. मी दिला. नापास झाले. परत दिला, परत तेच. तोवर तू पार्टी केली होतीस. सगळ्यांना सांगून झालं होतं. मग कसं सांगू?"

डोरीनबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. "मला वाटलं टपालात गहाळ झालं. कायसा, मी त्या टपालवाल्याशी वर्षभर बोलले नाही! भल्या माणसाला नाताळचा पाव दिला नाही!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी यावर सगळे हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"मागच्या वर्षी मी जिन्यात उभी होते," कायसा म्हणाली. "तेव्हाच बोलायला हवं होतं. पण आता या म्हणाल्या ना, माझ्यासारख्या अनेकांच्या वतीने. तर त्या अनेकांच्या नावावरही मी खोटं कशाला लावू?"

डोरीनबाईंनी मला मार्लिस यांच्यापुढे टाकलं. "तेरा लिहा."

"मला तसं करता येत नाही, डोरीन. ती सांगेल तेच लिहायचं."

"मग लिहा काय लिहायचं ते!" त्या आत गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

त्या भागात पाहुणा दारात उभा राहून अर्धा तास निरोप घेतो. हवापाणी, रस्ते, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं दारातच होतं. त्या दिवशी दार नुसतं बंद झालं. मार्लिस गाडीत बसल्या, पण गाडी सुरू करायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. पावही तसाच राहिला.

आकडा कमी झाला म्हणून ऑफिसने सांगितलं, पुढच्या महिन्यात पुन्हा खात्री करा. तो महिना मी कसा काढला, माझं मला माहीत. गाडीतल्या पिशवीत मी थंडीने ताठ व्हायचो आणि एकच विचार करायचो. दार उघडतील का? पोरगी घर सोडून गेली तर? आईने तिला घालवलं तर? लोकांची लाज राखायला जन्मलेला मी, आणि एका घरात आग लावून आलो! मार्लिस यांनाही चैन नव्हतं. बोलायची सोय नाही, शपथ घेतलेली. त्या रस्त्यावर काही काम नसताना त्यांनी गाडी दोनदा त्या हिरव्या घरावरून नेली. खिडकीत दिवा होता. दिव्यावरून काय कळणार?

मार्चमध्ये आम्ही दाराशी उभे राहिलो. बेल वाजवण्याआधी मार्लिस यांनी खिडकीकडे एकदा बघून घेतलं. दार डोरीनबाईंनी उघडलं. चेहरा बंद कुलपासारखा. आत टेबलाशी कायसा बसली होती. आणि मित्रांनो, माझ्या नशिबाने, शेजारी वेर्ना! तीच ती नणंद, जिच्या मुलाचं चौदा. पाव कापत बसली होती.

मार्लिस चटकन म्हणाल्या, "मी नंतर फोन करते. घाई नाही."

"बूट काढा आणि बसा," डोरीनबाई म्हणाल्या.

"कसलं आहे हे?" वेर्नाने मान लांब केली. "शिक्षणाचं? आमच्या डेलचं विचारत असाल तर..."

"डेलचं कुणी विचारत नाहीये, वेर्ना."

मार्लिस यांनी प्रश्न वाचला, छापलाय तसाच, पण मला कायसाकडे सरकवताना अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "नुसता आकडा चालेल." कायसाचा हात पुढे आला. त्याआधीच डोरीनबाईंनी मला उचललं. आता संपलं, मला वाटलं. आता या तेरा म्हणणार, नणंदेसमोर म्हणणारच, आणि ही पोरगी पुन्हा कधी तोंड उघडणार नाही.

त्यांनी चष्मा लावला आणि दहाव्या ओळीवर बोट ठेवलं. ते जराही हललं नाही. मग आकडा न सांगता, शाळेच्या भोजनगृहात शंभर मुलांच्या गलक्यावर चढतो त्या आवाजात, त्यांनी ती ओळ वाचली.

"‘कॉलेजला गेले, पदवी नाही.’ कायसा पेल्टो. माझी मुलगी. बरोबर ना गं?"

"बरोबर," कायसा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

वेर्नाची सुरी पावात थांबली. "पण मी तर समारंभाला आले होते! टाळ्या वाजवल्या होत्या!"

"मी पण वाजवल्या. तुझ्यापेक्षा जोरात," डोरीनबाई म्हणाल्या. "त्या काही मी परत मागत नाही. तू पाव काप."

लॅपटॉप गप्प होता. त्या दिवशी निरोपाला दारात पुरा अर्धा तास लागला.

मित्रांनो, आता माझे दिवस भरत आले. नवे तक्ते काचेच्या पाटीवर उजळतात, त्यांची झीज होत नाही. मला लवकरच कातरणाऱ्या यंत्रात घालतील. त्याचं मला फारसं वाटत नाही. काळजी वाटते ती तुमची. उद्या कुणी दारात येऊन तुमच्या माणसाबद्दल विचारेल, तेव्हा त्याच्या वतीने थाटात बोट ठेवण्याआधी त्याला एकदा विचारा. आणि तो जे सांगेल ते दुसऱ्यांना सांगताना आवाज खाली घेऊ नका.