टांकसाळीचे आकडे

परभणीचे निवृत्त शिक्षक सिद्धोधन गुरुजी नाण्यांचे भारी शौकीन. संग्राहकांसाठी निघणारी कोणती नाणी किती विकली गेली, हे ते दर महिन्याला सरकारी टांकसाळीकडून मागवून वहीत उतरवून ठेवत. यंदा घरात पाणी शिरलं आणि बारा वर्षांच्या त्या वहीचा लगदा झाला. गुरुजींना अन्न गोड लागेना.

ही खबर लागताच राणीसावरगावचे मेंढपाळ धोंडीबा दारात येऊन उभे राहिले. त्यांना नाण्यांचा नाद गुरुजींनीच लावला होता आणि सगळे आकडे पोस्टकार्डावर कळवलेही होते. तारेत ओवलेली ती कार्डं धोंडीबांनी पुढ्यात ठेवली.

"आवो, तुमाला तर वाचता येत न्हाई. मग एवढी जपली कशाला?" गुरुजींनी विचारलं.

"सून वाचून दाखवती की. पण दर महिन्याला कुणीतरी आपली याद काढतंय, ह्याचंच लय वाटायचं, गुरुजी."

गुरुजींनी त्यांचे दोन्ही हात धरले. "माझी बारा वर्षं परत आणलीत तुमी," ते म्हणाले.

मग दोघं ओसरीवर बसले. धोंडीबा एकेक कार्ड सोडवून देऊ लागले आणि गुरुजी नव्या वहीत लिहू लागले.